वीरगळ आणि वीरमरण

(द्वितीय वर्ष, कला)

'वीर हसत हसत मरणाला सामोरा गेला' हे वाक्य आपण शाळेपासून इतक्या वेळा वाचतो की त्याचा अर्थ विचारण्याचे मनातही येत नाही. खरोखर माणूस हसत मरतो काय? पुढे काय मिळणार म्हणून तो पाऊल मागे घेत नाही? ज्यांना हे विचारायचे ते सांगायला उरलेले नाहीत, आणि ज्यांनी त्यांच्यावर बखरी लिहिल्या, पोवाडे रचले, ते सगळे मागे राहिलेले लोक. तरीसुद्धा या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर आपल्या महाराष्ट्रात उन्हापावसात उघड्यावर पडलेले आहे. त्याला वीरगळ म्हणतात.

हा शब्द आपल्याकडे कानडीतून आला. कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड. वीराचा दगड तो 'वीरगल्लु', त्याचाच मराठीत वीरगळ झाला. लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभी केलेली ही शिळा असते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत जुन्या शिवालयाच्या आवारात, गावच्या वेशीपाशी, पाराखाली असे दगड सापडतात. वाई तालुक्यातील किकली या गावी भैरवनाथाच्या देवळाजवळ तर ते रांगेने मांडलेले आहेत. यांतले पुष्कळसे शिलाहार-यादवांच्या काळातले, म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वीचे किंवा त्याहूनही जुने आहेत.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. शिळेवर एकावर एक असे तीन-चार चौकोन कोरलेले असतात. सर्वांत खालच्या चौकोनात वीर आडवा पडलेला दिसतो. त्याच्या वरच्या चौकोनात तो लढतो आहे. हातात ढाल-तलवार किंवा भाला, समोर एक-दोन शत्रू, क्वचित घोडा. त्याच्याही वर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला धरून स्वर्गात नेत आहेत. आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, बाजूला पूजा सांगणारा पुरोहित आहे. माथ्यावर कलश, आणि त्याच्या दोन अंगांना चंद्र-सूर्य. ते कशासाठी हे सांगायला नको. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, असे गावाने दिलेले ते वचन आहे.

सरांनी हा क्रम वर्गात फळ्यावर काढून दाखवला तेव्हा मला सर्वांत जास्त नवल वाटले ते एका गोष्टीचे. मरण शिळेच्या अगदी पायाशी आहे. आपल्या गोष्टी मरणापाशी संपतात. वीरगळाची गोष्ट तिथून सुरू होते आणि वर चढत जाते. शिळा घडवणाऱ्याला प्रेताची लाज नाही, भीतीही नाही. प्रेत खाली कोरून तो पुढच्या कामाला लागला आहे.

या शिळांच्या मागे जो विचार आहे तो एखाद्या हिशेबासारखा आहे. जिंकलास तर संपत्ती तुझी, मेलास तर स्वर्ग आणि अप्सरा तुझ्या. देह तर कधी ना कधी जाणारच. या अर्थाचा एक संस्कृत श्लोक कर्नाटकातील अनेक वीरगळांवर कोरलेला आढळतो. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला हाच हिशेब समजावतो. आमच्या घरी वडील सुगी झाल्यावर वहीत जमा-खर्च मांडतात, त्यात तोट्याचे आकडे नसलेले वर्ष मी अजून पाहिलेले नाही. या श्लोकाच्या वहीत मात्र तोट्याचा रकानाच नाही. म्हणूनच मला तो थोडा संशयास्पद वाटतो. ज्याने लढायला पाठवायचे त्याच्या दृष्टीने याहून सोयीचे गणित कोणते असणार?

परंतु वीरगळ म्हणजे केवळ राजाने फसवून मारलेल्या शिपायाचा दगड, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. कारण पुष्कळ वीरगळांवर राजाचा पत्ताच नसतो. तिथे गाई असतात. खालच्या चौकोनात वीर पडलेला आणि त्याच्या मागे किंवा डोक्याशी शिंगे उगारलेल्या गाईंची ओळ. त्या काळी गावावर धाड घालायची म्हणजे जनावरे पळवायची. गोधन गेले की शेत गेले, दूध गेले, वर्षाचे पोट गेले. तेव्हा पळवलेली जनावरे सोडवायला जो धावला आणि मेला, त्याचा दगड गावाने उभा केला. आमच्या आजीला अक्षरओळख नाही, पण आमच्या गावच्या दगडाबद्दल विचारले तर ती चटकन म्हणते, "ह्यो गायीमागं मेलेला गडी." तिला हे कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नाही. तिच्या सासूने सांगितले, सासूला तिच्या सासूने. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. इतिहासाच्या पुस्तकात राजांची नावे आणि सनावळ्या पाठ करता करता मला वाटे की आमच्यासारख्यांचे त्यात काही नाही. गाईमागे मेलेल्या गड्याला ना सनावळी, ना घराणे, पण तो अजून उभा आहे.

आता हा गडी स्वर्गाच्या आशेने धावला असेल काय? मला तसे वाटत नाही. ज्याची जनावरे दावे तोडून नेली जात आहेत त्याला अप्सरा सुचत नाहीत. तो आधी धावतो. स्वर्ग त्याला मागाहून गावाने दिला. त्याची बायको, भाऊ, शेजारी यांना त्याच्या मरणाचे काहीतरी करायला हवे होते, म्हणून त्यांनी पाथरवटाला सांगून त्याला वरच्या चौकोनात नेऊन बसवले. वीरगळ ज्याला आपण वीराची मरणाकडे पाहण्याची दृष्टी म्हणतो, ती निम्मी तरी मागे राहिलेल्यांची दृष्टी आहे.

आणखी एक गोष्ट खटकते. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. चेहरेही इतके सारखे की ओळखीने कोणी सांगावे, हा अमक्याचा. कर्नाटकात मात्र लेख असलेले वीरगळ विपुल आहेत. कोण मेला, कोणासाठी मेला, दगड कोणी बसवला, जमीन कोणती दिली हे सर्व त्यांत येते. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे तर इ.स. ९४९ च्या सुमाराची एक शिळा सापडली, ती एका कुत्र्याची आहे. काळी नावाच्या या शिकारी कुत्र्याने रानडुकराशी झुंज घेतली आणि दोघेही मेले. ती कुत्री राष्ट्रकूट-चोळ युद्धात पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या सरदाराला बक्षीस मिळालेली होती. हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि आमच्या गावच्या गड्याचे नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

सगळे वीरगळ गाईंचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत त्यांवर चक्क जहाजे आहेत. वल्ह्यांच्या रांगा लावलेली गलबते, त्यांवर चढलेले योद्धे, पाण्यात पडणारी माणसे. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात अशा सहा शिळांचे वर्णन आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात इ.स. १२६५ च्या सुमारास जी आरमारी लढाई झाली, तिच्याशी यांतली काही दृश्ये काही अभ्यासक जोडतात. दुसरे काही त्यांना त्याहून जुनी मानतात. सोमेश्वर त्या युद्धात समुद्रात बुडून मेला. गोव्यात कदंबांच्या काळातलेही जहाजांचे वीरगळ मिळाले आहेत. समुद्रात मेलेल्याचे प्रेत बहुधा घरी येत नाही. अशा माणसाला जमिनीवर उभे राहायला ही शिळा तेवढी जागा.

दक्षिणेत याही मागे गेले तर तमिळ देशात 'नडुकल' म्हणजे रोवलेला दगड या नावाने हीच चाल दिसते. तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ ग्रंथात असा दगड निवडण्यापासून त्याची पूजा करण्यापर्यंतचे विधी क्रमाने सांगितले आहेत. त्या प्राचीन काव्यांत शौर्याची एक ठळक खूण आहे : जखम छातीवर हवी. करिकाल चोळाशी वेण्णी येथे लढताना एका चेर राजाला पाठीवर जखम झाली, तेव्हा तो उत्तरेकडे तोंड करून अन्नपाणी सोडून बसला आणि मेला. आपण 'शत्रूला पाठ दाखवली' असे बोलण्यात सहज म्हणतो, त्याच्या मुळाशी हीच शरम आहे. पुरनानूरु या संग्रहात एका म्हाताऱ्या आईचे प्रसिद्ध काव्य आहे. मुलगा पळाला असे कोणी सांगताच ती रणात जाऊन प्रेते उलथीपालथी करते आणि त्याचे तुकडे झालेले शरीर सापडल्यावर, जन्माच्या वेळी झाला नसेल इतका आनंद तिला होतो. हे काव्य थोर आहे असे सगळे म्हणतात. असेलही. पण माझ्या धाकट्या भावाला सैन्यभरतीला जायचे आहे, आणि आईने त्या भरतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात उलट्या बाजूला लिहून ठेवली आहे. ती आई आणि माझी आई यांतली खरी आई कोणती, हे मला ठरवता येत नाही.

वीरगळाशेजारी पुष्कळदा दुसरा एक दगड असतो, त्याच्याकडे पाहून मात्र माझे मन स्थिर राहत नाही. त्याला सतीशिळा म्हणतात. खांबातून बाहेर आलेला कोपरात वाकलेला एक हात, पंजा वर केलेला, मनगटात बांगड्या. बाकी बाई नाहीच, नुसता हात. बांगड्या न फुटलेल्या, म्हणजे ती सवाष्ण गेली. वीराला अप्सरा मिळाल्या, शिवाची भेट मिळाली, आणि त्याच्या मरणाची अर्धी किंमत या हाताने भरली. गाईमागे धावलेल्या गड्याला निदान धावायचे की नाही हे ठरवण्याचा एक क्षण मिळाला असेल. हिला तो मिळाला काय? वीरांच्या आदर्शावर लिहिताना हा दगड बाजूला ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हा सगळा जुना आदर्श सतराव्या शतकात आपल्याकडे काहीसा बदलला असे मला दिसते. पूर्वीच्या कल्पनेप्रमाणे राजाने रणात उभे राहायचे, मागे फिरायचे नाही. शिवाजी महाराज मात्र मागे फिरले, तह केले, निसटले. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्याच पुरंदरावर थोड्याच दिवसांपूर्वी मुरारबाजी देशपांडे दिलेरखानाने देऊ केलेला कौल नाकारून लढत पडले होते. किल्लेदाराने मरावे आणि राजाने तह करावा, या दोन्ही गोष्टी एकाच स्वराज्यासाठी. पुढच्याच वर्षी, १६६६ मध्ये, महाराज आग्र्याहून निसटले. यात कोणालाही कमीपणा वाटला नाही, उलट आजही आपण ती गोष्ट मिटक्या मारत सांगतो. जिवंत राहणे हाही पराक्रम ठरू लागला. एवढेच नव्हे, तर १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात घोड्यावरून पडून वारले तेव्हा जिजाऊसाहेब सती निघाल्या, त्यांना महाराजांनी परावृत्त केले असे बखरीत आहे. तो दगडातला हात तेथे एकदा तरी कोणीतरी धरून मागे ओढला.

अर्थात राजा वाचायचा म्हणजे दुसरे कोणी तरी मरायचे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले त्या रात्रीत दोन मरणे आहेत. घोडखिंडीत बाजी प्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह उभे राहिले आणि विशाळगडावरून तोफांची खूण होईपर्यंत खिंड अडवून धरली. हे आपल्याला तोंडपाठ आहे. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते तोफांचे. बाजींचे मरण कशासाठी आहे याला एक ठरलेली वेळ आहे, ती झाली की काम संपले. वरच्या चौकोनाची तिथे गरज पडत नाही.

दुसरे मरण शिवा काशीदचे. हा महाराजांसारखा दिसणारा, जातीने न्हावी. महाराजांच्या पोशाखात पालखीत बसून तो सिद्दीच्या लोकांच्या हाती मुद्दाम सापडला आणि ओळख पटल्यावर मारला गेला. पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्याची समाधी आहे. वीरगळाच्या चौकोनांत याला कुठे बसवायचे, असा मी पुष्कळ विचार केला. लढाईच्या चौकोनात तलवार हवी, याच्याजवळ पोशाख होता. बाजी लढता लढता पडले. रक्त तापलेले असताना मरण तितकेसे कळत नाही असे म्हणतात. शिवा काशीद मात्र भोयांच्या खांद्यावर, पावसात, एकेक पाऊल मरणाकडे नेला जात होता आणि त्याला सर्व ठाऊक होते. पालखीचा पडदा बाजूला होईपर्यंत त्याने काय केले असेल? मरणाला सामोरे जाण्याचे याहून कठीण उदाहरण मला तरी आपल्या इतिहासात आठवत नाही.

भीतीबद्दल वीरगळ काही बोलत नाही, पण आपली लोकपरंपरा बोलते. ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले तेव्हा मावळे दोरांकडे पळू लागले, आणि सूर्याजीने ते दोर कापून टाकले, अशी गोष्ट आहे. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण तिथूनच घेतला. गोष्ट सांगणाऱ्याने सूर्याजीचे कौतुक केले, पण पळणारे मावळे लपवले नाहीत. त्यांनाही घरे होती. तेच मावळे उलटले आणि त्यांनी गड घेतला. म्हणजे शौर्य आणि भीती एकाच रात्री एकाच माणसांत होती.

पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ रोजी, जुना आणि नवा असे दोन्ही आदर्श एकाच दिवशी समोरासमोर आले. विश्वासराव गोळी लागून पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. मल्हारराव होळकर आपली फौज घेऊन बाहेर पडले. भाऊंवर लोकांनी इतका जीव लावला की ते मेलेच नाहीत असे म्हणत तोतये निघाले. मल्हाररावांना लोक आजही दोष देतात. मल्हारराव पुढे पाच वर्षे जगले आणि उत्तरेत मराठ्यांचा पाय पुन्हा रोवायला झटले, हे कोणी फारसे सांगत नाही. मला भाऊंबद्दल दुःख होते, पण सेनापती गर्दीत घुसल्यावर मागे उरलेल्या हजारोंनी कोणाकडे पाहायचे हाही प्रश्न पडतो.

ज्या नावांचा मी वर उल्लेख केला, ती सामान्य शिपायाला मिळाली फार उशिरा. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर कंपनी सरकारने भीमेच्या काठी जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली २२ महार शिपायांची नावे आहेत. लढाई कोणाच्या बाजूने आणि कोणाविरुद्ध, यावर पुष्कळ वाद घालता येईल. पण ज्यांना गावात सावलीही पडू द्यायची नाही असे मानले जात होते, त्यांची नावे बापजाद्यांच्या ओळखीसह दगडात आली, हे त्या शिपायांच्या नातवंडा-पतवंडांना काय वाटले असेल? १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले ते उगाच नव्हे. साताऱ्याजवळ अपशिंगे हे गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. कुठले फ्रान्स, कुठले मेसोपोटेमिया! त्यांच्या गाई कोणी पळवल्या नव्हत्या. पगार, पलटणीची अब्रू, शेजारच्या गड्याची सोबत, घरी पाठवायची मनीऑर्डर, यांतले कोणते कारण कोणाला पुरले हे त्या आकड्यावरून कळत नाही.

एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी १९८२ साली स्मारकशिलांवर मोठा ग्रंथ संपादित केला, तेव्हापासून या दगडांकडे विद्वानांचे लक्ष अधिक गेले. आता गावोगावचे हौशी तरुणही त्यांच्या नोंदी करत आहेत. आमच्या गावात सुट्टीत मी एकंदर सात मोजले. पाच देवळाच्या भिंतीला टेकवलेले आहेत, त्यांतल्या दोघांना शेंदूर लागून ते म्हसोबा झाले आहेत आणि त्यांना दर अमावास्येला नारळ मिळतो. एक विहिरीची पायरी झाला आहे. सातवा आमच्याच भावकीतल्या एकाच्या बांधावर पालथा पडला होता. त्याच्या कडेवर विळे-कोयते पाजवून खोलगट झाली आहे. चुलत्यांनी आणि भावाने पहार लावून तो उलटा केला. वरचा शिवलिंगाचा चौकोन पार झिजून गेला आहे, अप्सरांच्या जागी नुसते उंचवटे राहिले आहेत. खालचा चौकोन मातीत दबून होता म्हणून वाचला. त्यात आडवा पडलेला माणूस आहे आणि त्याच्या मागे तीन गाई; आजीने पदराने त्यांवरची माती पुसली, शिंगे मोजली आणि मधली गाभण आहे म्हणाली.